उंदीर असताना गाय कशाला?

प्रश्न असा आहे: माणसाच्या विषाणूजन्य आजारांवरच्या संशोधनात गाईगुरांचा नेमका काय उपयोग होतो? प्रयोगांना उंदीर आहेत, ससे आहेत, माकडे आहेत. मग एवढे मोठे, खर्चिक जनावर कशासाठी?

मी पशुवैद्यक आहे आणि गुरांच्या विषाणूंवर काम करतो. माझी निम्मी कारकीर्द गोठ्यात गेली, निम्मी पेशींच्या बाटल्यांपुढे. हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच चित्र असते: गाय म्हणजे रक्त, सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारे पाणी), दूध असा कच्चा माल देणारे जनावर. ते खरे आहे, पण अर्धेच. गाईला स्वतःचे विषाणूजन्य आजार होतात, आणि त्यांतले कित्येक विषाणू आपल्या विषाणूंचे अगदी चुलत भाऊ आहेत. शिवाय गाय त्यांच्याशी लढते ती हत्यारे आपल्यापेक्षा वेगळी आहेत. संशोधनाला खरी मदत झाली ती या दोन गोष्टींची, असे माझे मत आहे.

सुरुवात शब्दापासून करतो. मराठीत 'लस' म्हणजे मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणारे पाणी. देवीची लस अक्षरशः तशीच होती. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने सारा नेल्म्स नावाच्या धार काढणाऱ्या मुलीच्या हातावरच्या फोडातले पाणी घेतले. तो फोड तिला गाईच्या देवी लागून आला होता. ते पाणी त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचले. पुढे त्याच मुलाला माणसाच्या देवी मुद्दाम टोचल्या, तर त्या उठल्या नाहीत. लॅटिनमध्ये गाईला 'वाका' म्हणतात. 'वॅक्सिन' हा शब्द तिथून आला.

जेन्नरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, त्यानंतरच्या वासराची नसते. सुरुवातीची कित्येक वर्षे ही लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी साखळीने चालवली जाई. त्यात दुसऱ्याचे रोगही जात. १८६१ मध्ये इटलीतल्या रिव्हाल्टा गावात अशा लसीबरोबर मुलांना उपदंश गेला. हा धोका टाळला तो वासराने. वासराच्या पोटाकडचे केस भादरायचे, कातडी धुवायची, बारीक ओरखडे काढून त्यांत लसीचे बीज चोळायचे. पाच-सहा दिवसांत ओरखड्यांवर पुळ्या दाटून येत. त्या खरवडून, वाटून, ग्लिसरीनमध्ये ठेवायच्या. ग्लिसरीनने इतर जंतू हळूहळू मरत आणि विषाणू टिकून राही. ८ मे १९८० रोजी देवीचे निर्मूलन झाल्याची घोषणा झाली, तोपर्यंत जगातली बरीचशी लस वासरांच्या आणि मेंढ्यांच्या कातडीवरच तयार झाली होती. एक दुरुस्ती मात्र करायला हवी. त्या लसीतला विषाणू जनुकांच्या दृष्टीने गाईच्या देवीपेक्षा घोड्यांच्या देवीच्या अधिक जवळचा आहे, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. वासरू त्याचे शेत होते, मूळ गाव कदाचित दुसरेच असावे.

या सगळ्यातून एक कल्पना मात्र कायमची हाती लागली: दुसऱ्या प्राण्याचा भाऊबंद विषाणू आपल्याला फारसा त्रास न देता आपल्याच विषाणूविरुद्ध तयार करू शकतो.

रोटाव्हायरसमध्ये हीच कल्पना पुन्हा कामाला आली. लहान मुलांना जोराची हगवण लावणारा हा विषाणू माणसात १९७३ मध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलबर्नमध्ये दाखवला. पण हगवण लागलेल्या वासरांत त्याचा भाऊबंद त्याआधीच, १९६९ मध्ये, नेब्रास्कात सापडला होता. नुसता वासराचा विषाणू मुलांना पाजून पाहिला तेव्हा संरक्षण कुठे चांगले मिळाले, कुठे फारच कमी. मग त्याच्या रचनेचा फायदा घेतला गेला. रोटाव्हायरसचे जनुकद्रव्य अकरा सुट्या तुकड्यांत असते. दोन वाण एकाच पेशीत शिरले तर त्यांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. त्यामुळे आतला बहुतेक भाग वासराच्या विषाणूचा आणि बाहेरचे, शरीराला ओळखू येणारे प्रथिन माणसाच्या विषाणूचे, अशी जोडणी करता येते. २००६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली रोटाटेक ही लस अशीच आहे, आणि रोटासिल ही लसही याच तत्त्वावर आहे. रोटाव्हॅक या तिसऱ्या लसीतला विषाणू तर निसर्गानेच जोडलेला होता. तो दिल्लीत नवजात बाळांत सापडला, बाळांना काही त्रास नव्हता, आणि त्याच्या अकरा तुकड्यांपैकी एक गाईच्या विषाणूकडून आलेला होता.

आरएसव्हीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो मी जवळून पाहिला आहे. तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकांच्या बारीक शाखा सुजवणारा हा विषाणू. त्याचा गुरांमधला जोडीदार वासरांना साधारण तशाच कोवळ्या वयात गाठतो. सकाळी दूध पिऊन उड्या मारणारे वासरू संध्याकाळी मान पुढे ताणून, तोंड उघडे टाकून उभे असते. ओठांशी फेस, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत, आणि छातीला नळी लावली तर कोरडा पाचोळा तुडवल्यासारखा आवाज. असे वासरू मेले आणि फाडून पाहिले, तर फुफ्फुसाचे पुढचे, खालचे खंड यकृतासारखे घट्ट व जांभळट झालेले दिसतात, आणि मागचे खंड हवेने फुगून दाबले की करकरतात. उंदराच्या नाकात माणसाचा आरएसव्ही भरभरून घालावा लागतो, तेव्हा कुठे थोडा आजार दिसतो. वासराला तो निसर्गतःच होतो, आणि बाळाला होतो तसा होतो.

हे महत्त्वाचे का, ते १९६० च्या दशकातल्या एका शोकांतिकेवरून कळेल. फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस त्या काळी अमेरिकेत लहान मुलांना दिली गेली. नंतर खरा विषाणू आला तेव्हा लस घेतलेली मुले न घेतलेल्यांपेक्षा जास्त आजारी पडली, बहुतेकांना इस्पितळात ठेवावे लागले, दोन मुले दगावली. त्यानंतर कितीतरी वर्षे या लसीला हात घालायला कोणी धजत नव्हते. कोणतीही नवी लस संरक्षण देते की आजार वाढवते, हे ज्याला तो आजार खरोखर होतो अशा प्राण्यात पाहणे भाग होते. २०१३ मध्ये या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एफ प्रथिनाचा, विषाणू पेशीच्या आवरणात मिसळण्याआधीचा आकार समजला आणि तो आकार गोठवून ठेवण्याची युक्ती सापडली. तीच युक्ती गुरांच्या विषाणूच्या प्रथिनावर वापरून लस केली गेली, वासरांना दिली, मग त्यांना विषाणू दिला. वासरे सुरक्षित राहिली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गोठवलेल्या आकारावरच्या माणसांसाठीच्या पहिल्या लसींना २०२३ मध्ये मान्यता मिळाली. श्रेय अर्थात एकट्या वासरांचे नाही, पण नैसर्गिक आजारात ही युक्ती टिकते हा भरवसा त्यांनी दिला.

आता चामखिळी. गुरांच्या मानेवर, कासेवर फुलकोबीसारख्या चामखिळी येतात, त्या पॅपिलोमा विषाणूमुळे. माणसात याच कुळातले काही प्रकार गर्भाशयमुखाचा कर्करोग करतात. त्यांतले १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण आहेत. या विषाणूंची मोठी अडचण अशी की ते साध्या पेशींच्या बाटलीत वाढत नाहीत. माणसाच्या गाठीतून विषाणू अगदी थोडा निघतो. गाईची एक मोठी चामखीळ वाटली, तर प्रयोगांना महिनोन्महिने पुरेल इतका. म्हणून कित्येक वर्षे पॅपिलोमा विषाणूचे मूलभूत काम गाईच्या विषाणूवर झाले. त्याची कोणती जनुके पेशीला बेलगाम वाढायला लावतात, हेही प्रथम तिथेच उलगडत गेले.

१९९० च्या सुमारास लसीची दिशा ठरत होती. विषाणूचे नुसते कवच मिळाले, आत जनुकद्रव्य नसले, तर शरीर फसेल पण रोग होणार नाही. हे कवच मुख्यतः एल-१ नावाच्या एकाच प्रथिनाचे असते, त्याच्या ३६० प्रती एकमेकींत बसून चेंडू तयार होतो. ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये माणसाच्या १६ क्रमांकाच्या विषाणूची कवचासारखी रचना दाखवली. अमेरिकेत जॉन शिलर आणि डग्लस लोवी यांच्या गटाने १९९२ मध्ये गाईच्या विषाणूचे एल-१ घेऊन पाहिले, तर कीटकांच्या पेशींत त्याचे सुबक चेंडू आपोआप, भरपूर तयार झाले, आणि त्यांनी जबरदस्त प्रतिपिंडे (अँटिबॉडी) उठवली. माणसाच्या १६ क्रमांकाचे प्रथिन मात्र नीट जुळेना.

माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट इथे आहे. गाईचे चेंडू समोर होते, म्हणून गडबड पद्धतीत नाही हे त्यांना कळले. गडबड नमुन्यात होती. सगळ्या प्रयोगशाळा वापरत असलेला १६ क्रमांकाचा नमुना एका कर्करोगाच्या गाठीतून घेतलेला होता. कर्करोगाच्या पेशीला विषाणूचे कवच बांधण्याची गरजच नसते, त्यामुळे त्या जनुकात एक चूक शिरून तशीच राहिली होती: प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलले होते. कर्करोग नसलेल्या जागेतून दुसरा नमुना घेतला आणि चेंडू व्यवस्थित तयार झाले. त्याच मार्गावरची लस २००६ मध्ये वापरात आली. गाईचा विषाणू शेजारी नसता, तर तो सदोष नमुना किती वर्षे वाट अडवून बसला असता, सांगता येत नाही.

कच्च्या मालाबद्दलही लिहायलाच हवे, कारण तिथेही एक सुंदर शरीरशास्त्र आहे. बाईच्या वारेतून आईची प्रतिपिंडे पोटातल्या बाळाकडे जातात. गाईच्या वारेतून ती जात नाहीत. वासरू जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय जन्मते आणि पहिल्या दिवसात पोटात गेलेल्या चिकावरच त्याचा जीव अवलंबून असतो. याचाच परिणाम म्हणजे पोटातल्या वासराच्या सिरममध्ये पेशी वाढवणारे घटक भरपूर आणि विषाणूंना मारणारी प्रतिपिंडे जवळजवळ शून्य. विषाणू वाढवायचे तर पेशी जिवंत हव्यात आणि विषाणूला अडवणारे काही नको. दोन्ही अटी हे सिरम पूर्ण करते. १९५० च्या दशकानंतर विषाणूंच्या प्रयोगशाळा बहुतांश त्याच्यावरच चालत आल्या आहेत.

हे सिरम कत्तलखान्यात गाभण निघालेल्या गाईंच्या पोटातल्या वासरांचे असते. हे न सांगता त्याचे गुण सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. आज पुष्कळ कामांसाठी सिरमविना चालणारी पोषकद्रव्ये मिळतात. जिथे ती चालतात तिथे ती वापरलीच पाहिजेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

त्याचे दुसरे दुखणे मी स्वतः भोगले आहे. एकदा वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत एका विषाणूला शरीराचा पहिला प्रतिकार कसा होतो ते पाहत होतो. पेशींनी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याचा गजर देणारे प्रथिन, बनवायला हवे होते. पेशी दिसायला निकोप, वाढही छान, पण इंटरफेरॉन नाहीच. दोन महिने आम्ही रसायने बदलली, तापमान तपासले, एकमेकांच्या हाताला दोष दिला. शेवटी एका सहकारी बाईंनी न वापरलेल्या पेशींनाच बीव्हीडी विषाणूचे चमकणारे रंजक लावून पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळा थर हिरवा चमकला. गुरांच्या अतिसाराचा हा विषाणू सिरमच्या बाटलीतून आला होता. गाभण गाईला पहिल्या काही महिन्यांत तो झाला, तर पोटातले वासरू त्याला आपलाच समजते आणि जन्मभर बाळगते. त्याचा एक प्रकार पेशीला मारत नाही, फक्त तिचा इंटरफेरॉनचा गजर बंद करतो. आमच्या पेशींत अगदी तेच चालले होते. तेव्हापासून सिरमची नवी खेप आली की ती आधी तपासल्याशिवाय मी उघडू देत नाही.

याच विषाणूने माणसाचे मोठे कामही केले आहे. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, पण तो प्रयोगशाळेत नीट वाढवायला २००५ उजाडले. मधल्या काळात त्याच कुळातला गुरांचा बीव्हीडी त्याच्या जागी उभा राहिला. औषधांची पहिली चाळणी त्याच्यावर होई. रक्तापासून बनणाऱ्या औषधांमधून विषाणू खरोखर नष्ट होतात का, हे तपासतानाही हिपॅटायटिस सी ऐवजी तोच मिसळून पाहतात. रक्ताच्या औषधांवर जगणाऱ्या रुग्णांना हे माहीत नसते, पण त्यांच्या प्रत्येक बाटलीच्या सुरक्षिततेत या विषाणूचा वाटा आहे.

इथे एक इशारा. गाईची प्रतिपिंडे, गाईचा चीक, गाईचे दूध यांविषयी वाचून कच्चे दूध विषाणूंपासून वाचवते असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोगात जो चीक वापरतात तो ठरावीक विषाणूची लस दिलेल्या गाईंचा, तपासलेला, मोजलेला असतो. आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंच्या कासेत एच५एन१ हा बर्ड फ्लू सापडला तेव्हा कच्च्या दुधात तो प्रचंड प्रमाणात होता. दूध पाश्चराइझ केल्यावर तो निष्प्रभ होतो. दूध तापवूनच प्या.

आता गाईच्या हत्यारांकडे येतो. एखाद्या गाईला माणसाच्या विषाणूची लस दिली की ती ढीगभर प्रतिपिंडे बनवते, आणि तिचे आकारमान मोठे असल्याने रक्तद्रवही भरपूर मिळतो. अडचण एवढीच की गाईची प्रतिपिंडे माणसाला टोचली तर आपले शरीर त्यांनाच परके समजून त्यांच्यावर उठते. यावर काढलेला उपाय धाडसी आहे. काही गाईंमध्ये प्रतिपिंडांची त्यांची स्वतःची जनुके बंद केली गेली आणि माणसाच्या प्रतिपिंडांची जनुके एका कृत्रिम गुणसूत्रावर बसवून त्यांच्या पेशींत घातली गेली. अशा गाईला लस दिली की ती माणसाची प्रतिपिंडे बनवते, तीही एका प्रकारची नव्हे, अनेक प्रकारांची मिसळ. विषाणू बदलला तरी मिसळीतले काहीतरी लागू पडण्याची शक्यता राहते. मर्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराविरुद्ध अशा गाईंपासून केलेले औषध निरोगी माणसांना देऊन सुरक्षित असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविडच्या काळात तशाच औषधाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या.

पण मला सर्वांत थक्क केले ते साध्या, जनुके न बदललेल्या गाईंनी. एचआयव्ही स्वतःभोवती साखरेच्या रेणूंचे दाट आवरण गुंडाळतो. त्याच्या खरोखर नाजूक जागा त्या दाटीत खोलवर असतात. माणसांत, अनेक वाणांना एकत्र थोपवणारी प्रतिपिंडे संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच आणि तीही बऱ्याच वर्षांनी तयार होतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार गाईंना एचआयव्हीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची स्थिर केलेली प्रतिकृती टोचली. चौघींच्याही रक्तात अशी प्रतिपिंडे आली. एका गाईत ४२ दिवसांत २० टक्के वाणांना रोखणारे रक्त तयार झाले, आणि ३८१ दिवसांनी ते ९६ टक्क्यांपर्यंत गेले. गाईला एचआयव्ही होत नाही, तरीही.

कारण प्रतिपिंडाच्या टोकाशी असलेल्या एका वळशात आहे. माणसात तो साधारण पंधरा अमिनो आम्लांचा असतो. गाईच्या सुमारे दहा टक्के प्रतिपिंडांत तो साठाच्याही वर जातो. तो नुसता लोंबत नाही. २०१३ मध्ये त्याची रचना दिसली ती अशी: प्रतिपिंडातून एक लांब देठ बाहेर निघतो आणि देठाच्या टोकाला गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेले एक बोंड असते. साखरेच्या दाटीतून तो देठ आत शिरतो आणि बोंड नेमक्या खाचेत बसते. माणसाच्या प्रतिपिंडाचा आखूड वळसा तिथे क्वचितच पोचतो. गाईकडे प्रतिपिंडांची मूळ जनुके कमी आहेत, म्हणून विविधता तिने या बोंडातच भरली. कोठीपोटातल्या अफाट जंतूंशी रोज गाठ पडते, त्यातून हे घडले असावे असा एक अंदाज आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण सिद्ध झालेला नाही.

सुरुवातीच्या प्रश्नातला खर्चाचा मुद्दा इथे बराच सुटतो. अशा कामात गाईकडून लागते ते थोडे रक्त. मानेच्या घळीत अंगठा दाबला की शीर दोरीसारखी फुगून वर येते, सुई शिरते, गाय एकदा कान हलवते आणि पुन्हा रवंथ करू लागते. त्या नळीतून विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारी एकेक पेशी वेगळी काढतात, तिचे जनुक वाचतात आणि पुढचे प्रतिपिंड पेशींच्या बाटल्यांत हवे तितके बनवतात. नुसते बोंड वेगळे काढून ते औषध म्हणून टिकते का, यावरही काम चालू आहे. गाय तोवर केव्हाच गव्हाणीशी परत गेलेली असते.